व्यासपीठावरचे आम्ही

पटावर अकरा मुलं असलेल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सर्वांत निरुपयोगी माणूस कोण, याचं उत्तर निमंत्रणपत्रिकेवर सर्वांत ठळक अक्षरांत छापलेलं असतं. ही ठळक अक्षरं मला मनापासून आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचा सगळा युक्तिवाद माझ्याच विरुद्ध चालला आहे याबद्दल वाचकाला शंका राहणार नाही. चार लेख छापून आलेल्या माणसाला आपल्याकडे प्रमुख पाहुणा होण्याचा परवाना आपोआप मिळतो. मग तो नुसता पाहुणा म्हणून कुठे जात नाही. नुसतं बोलावलं तर त्या दिवशी त्याला नेमकं घरचं लग्न असतं, प्रमुख म्हणून बोलावलं तर ते लग्न दूरच्या नातेवाइकाकडचं ठरतं, आणि अध्यक्षस्थान मिळणार असेल तर गुडघेदुखीसुद्धा ओसरते. माझं म्हणणं एवढंच, की छोट्या प्राथमिक शाळेत बिनकामाचं कोणी नसतं, हीच तिची सर्वांत मोठी शिकवण आहे, आणि तिच्याच कार्यक्रमात ती शिकवण धाब्यावर बसवणारे आम्ही आहोत.

पुरावा हवा असेल तर रोजचा परिपाठ घ्या. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, सामान्यज्ञानाचा प्रश्न, पसायदान. यातल्या प्रत्येक गोष्टीला कोणीतरी पुढे येऊन तोंड उघडावं लागतं. सहाशे मुलांच्या शाळेत ही संधी कोणाला मिळते, हे आपण सगळे जाणतो: ज्याचे उच्चार स्वच्छ, ज्याचा गणवेश इस्त्रीचा आणि ज्याची आई बाईंच्या ओळखीची, त्याला. बाकीच्यांनी ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ यांच्यामध्ये मान खाजवायची. अकरा मुलांच्या शाळेत मात्र जवळजवळ रोज प्रत्येकाची पाळी येते. ‘र’ला ‘ल’ म्हणणारा दुसरीतला मुलगासुद्धा बातम्या वाचतो. ‘लाज्यात मुसळधाल पाऊस’ ऐकून सगळे हसतात, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तोच उभा राहतो, कारण दुसरा कोणी नसतो. वरच्या कार्यालयातल्या कागदावर हे ‘दुसरा कोणी नसणं’ उणिवेच्या रकान्यात लिहिलेलं असतं. अमेरिकेत रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅन्सस राज्यातल्या शाळांचा अभ्यास करून 1964 साली ‘बिग स्कूल, स्मॉल स्कूल’ नावाचं पुस्तक काढलं. त्यांना असं दिसलं की मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात खरे, पण मुलं ज्या पटीत वाढतात त्या पटीत ते वाढत नाहीत. त्यामुळे छोट्या शाळेतली मुलं जबाबदारीच्या जागी जास्त सापडतात आणि मोठ्या शाळेतली बघ्यांत. त्यांच्या शाळा माध्यमिक होत्या आणि कॅन्ससमध्ये परिपाठ नसतो, हे मान्य. पण जे त्यांना अभ्यासाअंती कळलं, ते आपल्याकडे कुठल्याही वस्तीशाळेच्या ओट्यावर सकाळी फुकट बघायला मिळतं.

संमेलनात तर हा हिशेब आणखी रंगतो. मुलं अकरा आणि कार्यक्रम पंधरा, त्यामुळे एकच पोरगं कोळीगीतात कोळी, पोवाड्याच्या वेळी मावळा, पर्यावरणाच्या नाटुकल्यात झाड आणि स्वच्छतेच्या नाटुकल्यात कचरा असतं. चार मिनिटांत लुंगी सोडून फेटा बांधायला जी अक्कल लागते ती कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात मिळत नाही. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला मोठ्या शाळेत साठ सावित्री कपाळावर आडवी चिरी लावून रांगेत बसतात आणि भाषण एकीच करते. छोट्या शाळेत मुली चारच, म्हणून चारही सावित्रींना बोलावं लागतं. 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची जी शाळा सुरू झाली तिचा पटही मोजकाच होता. तेव्हा ‘ही शाळा मोठ्या शाळेत विलीन करा’ असं कोणी म्हटलं नाही.

अशा या कामसू घोळक्यात आमचं आगमन होतं. कार्यक्रम सातचा, आम्ही साडेआठला. पोरांच्या तोंडाला चारपासून पावडर फासलेली असते, कोळणीचं लुगडं तीनदा सुटून चारदा नेसवून झालेलं असतं, आणि काजळाच्या मिशा काढलेला पहिलीतला मावळा आईच्या मांडीवर झोपलेला असतो. मग सुरू होतो सत्कार; आणि इथे मला नारळापाशी थोडं थांबलं पाहिजे, कारण या विषयात माझा व्यासंग आहे.

सत्काराचा नारळ हे स्वतंत्र फळ आहे. तो खायचा नसतो, फोडायचा नसतो, तो फक्त द्यायचा आणि घ्यायचा असतो. शाळा मराठवाड्यातली किंवा विदर्भातली असली तर आसपास माडाचं झाडही नसतं. नारळ दक्षिणेकडून ट्रकने तालुक्याला येतो आणि तिथून गुरुजींच्या मोटारसायकलला अडकवलेल्या पिशवीतून, शाली आणि हारांसोबत, शाळेत. किती आणायचे हे गणित स्कॉलरशिपच्या परीक्षेलाही विचारायला हरकत नाही. येणार म्हणणारे साहेब येत नाहीत, तरी त्यांचा नारळ आणावाच लागतो. आणि न बोलावलेले दूध डेअरीचे चेअरमन ऐन वेळी येतात, त्यांचा आणलेला नसतो. अशा वेळी पहिल्या पाहुण्यासमोरचा नारळ पडद्यामागे जातो आणि दोन मिनिटांनी नव्या माणसाच्या हातात अवतरतो. जाणकार तो शेंडीवरून ओळखतात, पण बोलत नाहीत, कारण त्यांच्या हातातलाही तिसऱ्या फेरीचा असू शकतो. नारळ स्वीकारण्याचंही शास्त्र आहे. तोंडाने ‘अहो, कशाला, कशाला’ म्हणायचं आणि दोन्ही हात त्याआधीच पुढे करायचे. फोटो निघेपर्यंत देणाऱ्याने सोडायचा नाही आणि घेणाऱ्याने ओढायचा नाही. मोबाइलवाले सर ‘एक मिनिट, साहेब, इकडे बघा’ म्हणाले की दोघांनी एकमेकांकडे बघणं बंद करून कॅमेऱ्याकडे बघायचं. मग प्रश्न येतो ठेवायचा कुठे. वस्तू गोल, टेबल उताराचं. स्वागतगीताच्या दुसऱ्या कडव्याला तो घरंगळतो आणि आम्ही चेहऱ्यावरचा रसिक भाव न मोडता त्याला बुटाने अडवतो. एवढं होऊनही मला त्याच्याबद्दल आदर आहे. व्यासपीठावरच्या मंडळींत डोक्यात निदान पाणी तरी असल्याची खात्री फक्त त्याच्याबद्दल देता येते.

आता याच नारळाची किंमत काढू. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ मिळतो, तो वेगळा. पण डाळ, भाजी, तेल, मीठमसाला यांसाठी एका मुलामागे दिवसाला धरलेले पैसे अजून सात रुपयांच्या आतच आहेत. बाजारात नारळ तीस-पस्तिसाच्या खाली येत नाही. म्हणजे आम्ही सातजण सात नारळ मांडीवर घेऊन बसतो तेव्हा अकरा मुलांची तीन दिवसांची डाळ-भाजी आमच्या मांडीवर असते. बरं, हा खर्च सरकारच्या कुठल्याही शीर्षाखाली बसत नाही. तो बहुधा गुरुजींच्या खिशातून जातो. हे गणित एकदा केल्यावर विनोद थोडा कडू लागतो.

यावर पहिला आक्षेप असा, की कमी पटाच्या शाळेत मुलांना सोबत मिळत नाही, खेळ होत नाहीत, स्पर्धा होत नाही. हा आक्षेप माझ्यापेक्षा वजनदार माणसांचा आहे. 2023 साली शिक्षण खात्याने 20 पर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा अशा शाळा राज्यात 14 हजारांच्या वर निघाल्या. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेतची नावं घेतली गेली. आक्षेपात तथ्य आहे. कबड्डीला एका बाजूला सात गडी लागतात, म्हणजे अकरा मुलांत दोन संघ होत नाहीत. खो-खोला मैदानात नऊ, तिथे तर उरलेल्या दोघांनाच पळावं लागेल. पण लगोरीला, लंगडीला, विटीदांडूला कोणी पटसंख्या विचारत नाही. आणि कबड्डीसाठी केंद्रस्तरावरच्या स्पर्धा आहेतच, तिथे आसपासच्या शाळा एका मैदानावर येतात. वर्षातून चारदा पोरं एकत्र आणायला टेम्पो पुरतो. त्यासाठी शाळेला कुलूप लावायची गरज नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याखाली आपल्याकडे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं ठरलं, ते कबड्डीचा विचार करून नव्हे, तर सहा वर्षांच्या पायांचा विचार करून. पावसाळ्यात मध्ये ओढा आहे, गाडी कधी येते कधी येत नाही, अशा परिस्थितीत भावाला पाठवायचं की बहिणीला, असा प्रश्न घरात निघाला तर उत्तर काय येतं हे सांगायला अभ्यासगट नेमावा लागत नाही. दोन शिक्षकांतला एक बैठकीला गेला की दुसऱ्याने चार वर्ग एकटे सांभाळायचे, ही अडचण मात्र खरी आहे. तिच्यावरचा उपाय बैठका कमी करणं हा आहे, आणि तो खर्चिक नसल्यामुळे कोणी सुचवत नाही.

दुसरा आक्षेप आमच्या बाजूचा. पाहुणे आले नाहीत तर शाळेला पत्रे कोण देणार, संगणक कोण देणार? खरं सांगायचं तर पाहुणे जे देतात त्याला आश्वासन म्हणतात. पैसे देतो तो सतरंजीवर बसलेला गाव. नाच रंगात आला की कोणी दहाची, कोणी वीसची नोट पुढे करतं, माइकवरून नाव पुकारलं जातं, आणि पुतण्याच्या नाचाला वीस दिले म्हणून चुलत्याला पन्नास द्यावे लागतात. भाऊबंदकीचा इतका विधायक उपयोग दुसरीकडे कुठे होत नसेल. रात्री अकराला त्या चुरगळलेल्या नोटा मोजून शाळेला पंखा येतो, भिंतीला रंग येतो. त्या गावाला कायद्यानेही मान दिलेला आहे: शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या सदस्य बायका हव्यात. व्यासपीठाकडे बघितलं तर तिथलं प्रमाण कुठल्याच कायद्यात बसत नाही. समितीतल्या बायका त्या वेळी खाली बसून मावळ्याची मिशी पुसत असतात.

तिसरा आक्षेप गुरुजी दबक्या आवाजात घेतात: वर फोटो पाठवावा लागतो, आणि पाहुण्याविना फोटोला वजन येत नाही. यावर मला उत्तर नाही, फक्त राग आहे. दिनविशेष इतके झाले आहेत की 15 ऑक्टोबरला एकाच दिवशी हात धुवा दिन आणि वाचन प्रेरणा दिन येतो. मुलांनी आधी हात धुवून फोटो द्यायचा, मग त्याच ओल्या हातात पुस्तक धरून दुसरा. शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर कामांना जुंपायला बंदी केली आहे. फोटो काढणं त्या यादीत नाही, म्हणून तो उपक्रम ठरतो.

एकच कार्यक्रम असा आहे जिथे आमची डाळ शिजत नाही, तो म्हणजे बालबाजार. कुठे त्याला आनंदबाजार म्हणतात, कुठे नुसता बाजार. पोरं घरच्या रानातली मेथी, कोथिंबीर, बोरं, चिंचा घेऊन पोत्यावर बसतात. कोणाची भेळ, कोणाचा चहा, कोणाचा वडापाव. तिसरीतली मुलगी तराजू धरते, पाव किलोला किती हे तोंडी सांगते, आणि पन्नासच्या नोटेतून किती परत द्यायचे ते बोटं मोडत मोजते. व्यवहार, वजनं, नाणी आणि माणसांशी बोलणं, सगळा अभ्यासक्रम एका पोत्यावर. इथे दुकानदार व्हायला अकरा मुलं पुरून उरतात आणि मोठ्या माणसाला एकच काम उरतं, गिऱ्हाइकाचं. खुर्ची नाही, माइक नाही, शाल नाही. तरी फीत कापायला आम्ही इथेही शिरकाव केलाच आहे. फीत कापायचा माणूस तासभर उशिरा येतो आणि तोवर कोथिंबीर मान टाकते. ते तेवढं थांबवता आलं तर बघावं.

तेव्हा तुमच्या गावच्या शाळेचा बाजार भरेल तेव्हा वेळेवर जा, सुट्टे पैसे घेऊन जा, पिशवी घरूनच न्या. भाषणाचा आग्रह झाला तर घसा बसल्याचं सांगा. पोत्यावरची मुलगी मेथीची जुडी दहाला म्हणाली तर आठला मागून बघा. ती देणार नाही. दहाला घ्या.