स्मार्टवॉचला लायक कसे व्हावे
(नरडाणा व पंचक्रोशीतील इच्छुकांसाठी मार्गदर्शन)

स्मार्टवॉचच्या जाहिराती खोट्या असतात, असा एक गैरसमज आपल्या भागात पसरलेला आहे. नरडाण्याच्या चौफुलीवर चहा पिता पिता कोणी तरी मनगट पुढे करतो, "जिभाऊ, हाई घड्याय काय काय दखाडस!" म्हणतो, आणि दोन-तीन महिन्यांत तेच घड्याळ टीव्हीच्या रिमोटशेजारी उताणं पडलेलं दिसतं. मग दोष घड्याळाला, कंपनीला, जाहिरातीतल्या क्रिकेटपटूला. वास्तविक दोष आपल्या जगण्याचा आहे. जाहिरातीतला माणूस पहाटे धुक्यात धावतो, दिवसभर काचेच्या ऑफिसात हसतो, संध्याकाळी निळ्या पाण्यात सूर मारतो आणि रात्री पांढऱ्या चादरीवर आठ तास न हलता झोपतो. घड्याळ त्याच्यासाठी बनलंय. आपण ते बांधून कपाशीत कोळपं धरतो आणि वर तक्रारही करतो. तेव्हा घड्याळ बदलण्याआधी माणसाने स्वतःत पुढील दुरुस्त्या करून घ्याव्यात.

सुरुवात हवामानापासून करावी. अ‍ॅपलच्या घड्याळाच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस दिलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 ला सहज टेकतो. यावर उपाय सोपा आहे: होळी झाली की घड्याळासह महाबळेश्वरला जावं आणि मृग लागल्यावर परत यावं. खालच्या टोकाची, म्हणजे शून्याची, काळजी नरडाण्याने करण्याचं कारण नाही. दीड-दोन हजारांच्या घड्याळांच्या पत्रकात तापमानाचा रकाना शोधू नये. सापडेपर्यंत चष्म्याचा नंबर वाढतो.

पाण्याचंही तसंच. 'पन्नास मीटरपर्यंत वॉटरप्रूफ' असं लिहिलेलं असतं. पन्नास मीटर म्हणजे 164 फूट. तेवढ्या खोलीवर बोअरला पाणी लागलं तर आपल्याकडे पेढे वाटतात. सूर कोण मारणार? शिवाय तो आकडा खोलीचा नसून प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. साबण आणि गरम वाफ यांचं त्यात काही ठरलेलं नसतं. म्हणून मुडावदला तापी-पांझरेच्या संगमावर कपिलेश्वराच्या दर्शनाला गेलात तर डुबकी थंड पाण्यात, साबणाशिवाय आणि शक्यतो न हलता मारावी. 'मिलिटरी ग्रेड' हे शब्द डब्यावर असतील तर छाती फुगवायला हरकत नाही. अमेरिकी लष्कराचं चाचण्यांच्या पद्धतींचं एक जाडजूड पुस्तक आहे, क्रमांक 810. त्यातली एखादी चाचणी कंपनीने आपली आपण केली तरी हे शब्द छापता येतात. लष्कर येऊन शिक्का मारत नाही.

आता मुख्य विषय, पावलं. रोज दहा हजार. हा आकडा कुठल्या ऋषीने किंवा डॉक्टरने सांगितलेला नाही. 1964 चं टोकियो ऑलिम्पिक झालं, जपानी लोकांना चालण्याची हौस आली, आणि 1965 मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं. दहा हजारांचा आकडा त्या यंत्राच्या नावातच घातलेला होता. म्हणजे ज्याला आपण आरोग्याचा नियम समजतो तोच मुळात जाहिरातीतून आला आहे. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक बायकांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साडेसात हजारांच्या आसपास फायदा सपाट होताना दिसला, आणि साडेचार हजारांच्या आतही बरंच पदरात पडत होतं. हे घड्याळाला सांगू नये. त्याला वाईट वाटतं.

घड्याळाला पाय दिसत नाहीत, हे इच्छुकाने पक्कं लक्षात ठेवावं. त्याच्या पोटात हालचाल ओळखणारी चिप असते. हात ठरावीक लयीत हलला की पाऊल पडलं, असं ती धरून चालते. आता समजा एक बाई शेतातून चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन येते आहे. डावा हात वर, भाऱ्याला धरलेला. घड्याळ त्याच हातात. पायाखाली ढेकळं, मग गाडरस्ता, मग रेल्वेची पटरी ओलांडून गाव. दोन किलोमीटर झाले, मान आखडली. आणि घड्याळाच्या हिशेबी बाई मघापासून जवळपास जागच्या जागीच आहे. मध्येच ते थरथरतं आणि पडद्यावर लिहून येतं: फार वेळ बसलात, उठा, थोडं चाला. अशा वेळी तिने रागावू नये. भारा खाली ठेवावा, हात झुलवत घरी जावं, पावलं मिळवावीत, आणि मग परत येऊन भारा न्यावा.

तीच बाई संध्याकाळी चुलीपुढे मांडी घालून कळण्याच्या भाकरी थापायला बसली की घड्याळाला हुरूप येतो. थाप, थाप, थाप: पावलं धावायला लागतात. डझनभर भाकरींत छोटीशी पदयात्रा. हरिनाम सप्ताहात टाळकऱ्याने घड्याळ बांधलं तर तो एका जागी उभा राहून पंढरपूर गाठतो. फटफटीवर नरडाण्याहून धुळ्याला जाताना हँडल धरलेला हात खड्ड्याखड्ड्याला हिसकतो. त्यातली काही पावलं जमा होतात, काही बुडतात. सरासरी जुळली की माणूस निरोगी.

झोपेचं प्रकरण अधिक नाजूक आहे. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीने येते. रात्रपाळी असली की माणूस एक वाजता बॅटरी घेऊन पंपावर, तीन वाजता वाफ्याच्या तोंडाशी, पहाटे घरी. सकाळी घड्याळ शंभरपैकी गुण देतं. गुण एकोणचाळीस, आणि वर सल्ला: झोपण्यापूर्वी चहा-कॉफी टाळा, खोली अंधारी ठेवा. शेतात अंधार भरपूर होता, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. एमआयडीसीतल्या रात्रपाळीवाल्याची हीच गत. दिवसा झोपलेल्या माणसाला बरीच स्वस्त घड्याळं फक्त 'डुलकी घेतली' एवढीच सवलत देतात, काही तर तीही देत नाहीत.

इथे एक युक्ती सांगतो. झोपेचे टप्पे डॉक्टर मोजतात ते डोक्याला तारा लावून, मेंदूच्या लहरींवरून. मनगटावरचं घड्याळ हालचाल आणि नाडी पाहून अंदाज बांधतं. म्हणून कर्जाचा हप्ता आठवून झोप उडाली असेल तर कूस बदलू नये. गच्चीवर गोधडी अंथरून, डोळे सताड उघडे ठेवून, निश्चल पडावं. सकाळी उत्तम झोपेचे गुण मिळतात.

नाडी मोजण्याचं तत्त्व मात्र खरं आहे, आणि मला ते आवडतं. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा कातडीवर उजेड टाकतो. रक्त हिरवा उजेड शोषतं; ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त झालं की परत येणारा उजेड बदलतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. सहांनी नाडी पाच टक्क्यांच्या चुकीत बरोबर सांगितली. कॅलरींमध्ये मात्र सगळी आपटली: सर्वांत अचूक यंत्र 27 टक्क्यांनी चुकलं, सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. तेव्हा शेवभाजी खाऊन 'एवढं जाळलं, आता आणखी एक वाटी चालेल' असा हिशेब करणाऱ्याने घड्याळाकडे पाहण्यापेक्षा पट्ट्याच्या भोकाकडे पाहावं.

विकत घेण्याआधी एक चाचणी घरच्या घरी करता येते. मित्राचं घड्याळ मागावं. भरताचं एक मोठं, गोल, हिरवट वांगं घ्यावं आणि घड्याळाचा पट्टा त्याच्यावर आवळावा. हिरवा दिवा लागतो, आकडे फिरतात, आणि घड्याळ पुरेसं उत्साही असेल तर वांग्याला मिनिटाला बहात्तर ठोके पडताना दिसतात. केळ्याची आणि कागदाच्या गुंडाळीची नाडी दाखवणारी घड्याळं लोकांनी व्हिडिओत पकडलेली आहेत, त्यामुळे वांग्याने मागे राहण्याचं कारण नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाडी अजून मिळालेली नाही. दुकानदाराने 'रीडिंग एकदम करेक्ट' म्हटलं तर वांगं पुढे करावं.

याचा अर्थ सगळंच थोतांड असा नव्हे. अ‍ॅपलच्या घड्याळातल्या ईसीजीला 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने रीतसर मान्यता दिली. अ‍ॅपलच्याच घड्याळांवर चार लाखांहून अधिक लोकांचा एक अभ्यास झाला, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना नाडी अनियमित असल्याची सूचना आली. पुढे छातीवर पट्टी लावून जे तपासले गेले त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांशात खरोखरच दोष दिसला. हे काम मोलाचं आहे. गंमत एवढीच की पुरावा त्या महाग घड्याळाचा आणि जाहिरात या स्वस्त घड्याळाची. चौकोनी तोंड तेच, बाजूची कळ तीच, पट्ट्याचा नारिंगी रंगही तोच. आपण पंधराशे रुपयांत रंग घेतो आणि पुरावाही सोबत आला असं समजतो.

रक्तातल्या साखरेविषयी मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो. सुई न टोचता साखर दाखवतो, असं म्हणणारं घड्याळ किंवा अंगठी मधुमेहाच्या माणसाला घेऊ देऊ नका. असं एकही उपकरण आपण मान्य केलेलं नाही, असा इशारा एफडीएने 21 फेब्रुवारी 2024 रोजी दिला होता. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जीव जातो. बोटाला सुई टोचा, ग्लुकोमीटरवर बघा, डॉक्टरला दाखवा.

असो. आता काही गैरप्रकारांविषयी. गावात काही लोक घड्याळाचा दुरुपयोग करतात असं कानावर येतं. कोणी हात ग्रीसने माखलेले असताना फोन कोणाचा आहे एवढंच मनगटावर पाहून घेतो. कोणी पंप सुरू करायच्या वेळेचा थरथरणारा गजर लावतो, म्हणजे शेजारी झोपलेली लेकरं उठत नाहीत. कोणी घरात हरवलेला मोबाईल घड्याळावरून वाजवून गादीखालून काढतो. हे वापर कुठल्याही जाहिरातीत दाखवलेले नाहीत. त्यांना ना बर्फाचा डोंगर लागतो, ना धावणारी मुलगी. असे उपयोग होऊ लागले तर लोक साधं, स्वस्त घड्याळ घेऊन पाच-पाच वर्षं वापरतील आणि नवं मॉडेल पडून राहील. तरी इच्छुकांनी मोहात पडू नये. घड्याळावरून मोठ्याने फोनवर बोलावं. उधारीवाल्याचा असेल तर चौफुलीवरच घ्यावा.

घड्याळ कारणी कसं लागतं हे जाणून घ्यायचं असेल तर नागपूरची गोष्ट ऐकावी. तिथल्या महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. झाडू कुठे आहे, किती वेळ थांबला, हे ऑफिसातल्या पडद्यावर दिसू लागलं. चंडीगडमध्येही तशी बांधली आणि तिथल्या कामगारांनी त्याविरुद्ध आंदोलनं केली. जाहिरातीत म्हणतात ते सगळं इथे खरं ठरलं: घड्याळ माणसावर सतत लक्ष ठेवतं. फक्त कोणासाठी, ते जाहिरातीत नव्हतं.

एवढं करूनही जाहिरात आणि आयुष्य जुळलं नाही तर कायदा आहे. केंद्र सरकारने 9 जून 2022 रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत नियम काढले. मोठ्या अक्षरांतल्या दाव्याची दुरुस्ती तळाशी बारीक अक्षरांत उरकता येत नाही, आणि खुलासा दाव्याच्याच भाषेत द्यावा लागतो, असं त्यात आहे. पहिल्या वेळी दंड 10 लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. तक्रारीला 1915 हा फोन क्रमांक आहे. घड्याळ 'हृदयाची काळजी घेतं' असं मराठीत आणि 'हे वैद्यकीय उपकरण नाही' असं मुंगीएवढ्या इंग्रजीत दिसलं, तर तो क्रमांक लावायला हरकत नाही. घड्याळावरून लागला तर उत्तमच.

एवढी साधना सगळ्यांना झेपत नाही, हेही दिसतंच. आयडीसी या संस्थेच्या मोजणीनुसार 2023 मध्ये भारतीय बाजारात 5 कोटी 34 लाख स्मार्टवॉच आली होती. 2024 मध्ये साडेतीन कोटी. लायक माणसं कमी होत चालली आहेत.

ज्यांचं तरीही जमलं नाही, त्यांच्यासाठी लग्नसराई आहे. एके काळी नवरदेवाला एचएमटी द्यायचे, त्याला रोज चावी लागायची आणि ते चाललं की वर्षानुवर्षं चालायचं. आता आपलं हे स्मार्टवॉच द्यावं. घेताना तेराशे मोजले असले तरी डब्यावर छापील किंमत 9,999 असते आणि आहेराच्या यादीत लिहिणारा डबाच वाचतो. काचेवरची पातळ फिल्म पुन्हा चिकटवावी. पट्ट्यातला चुनखडीसारखा घामाचा थर टूथब्रशने घासावा. आपला मोबाईल त्यातून काढून टाकावा, नाही तर हळदीच्या दिवशी नवरदेवाच्या मनगटावर तुमच्या सोसायटीच्या थकबाकीचा मेसेज थरथरेल. आणि चार्जरची ती दोन टाचण्यांची चुंबकी वायर डब्यात न विसरता घालावी. ती दुसऱ्या कुठल्या घड्याळाला चालत नाही, दुसऱ्या कुठल्या घड्याळाची याला चालत नाही, आणि नरडाण्यात काय, धुळ्यातही सुटी मिळेल याचा भरवसा नाही.