आउटबोर्ड भाऊ

वाशिममध्ये पाण्याची बातमी टक्क्यांत येते. एकबुर्जी धरणात किती टक्के साठा उरला ते वाचून नळ किती दिवसांआड येणार आणि त्या दिवशी घरी कोण थांबणार, हे घरोघर ठरतं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर पल्याड. गावात देव तलाव आहे, पद्मतीर्थ आहे, पण तिथे लोक हात जोडायला जातात. अशा गावात वेगवान मोटरबोटींच्या शर्यतींचा एक जाणकार राहतो, हे जिल्ह्याबाहेर कुणाला ठाऊक नाही. जिल्ह्यात मात्र सगळ्यांना ठाऊक आहे, कारण भाऊ सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

पाटणी चौकाजवळच्या एका गल्लीत भाऊंचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या सबमर्सिबल मोटरी दारात आडव्या पडलेल्या असतात आणि त्यांचे मालक उकिडवे बसलेले असतात. "लोकायच्या मोटरी पान्याखाली जाते म्हणून जयते," हा भाऊंचा सिद्धान्त. "मोटर पान्याच्या वर पायजे, बोटीच्या मांगं, मोकया हवेत." तूर सुकत चाललेला शेतकरी विचारतो, मोटर कधी भेटन? भाऊ त्याला सांगतात की अमेरिकेत मोटरबोटवाल्यांची संघटना १९०३ पासून आहे आणि जगाची १९२२ पासून. शेतकरी मान डोलावतो. मोटर आतमध्ये खोललेली असते, त्यामुळे त्याला दुसरा इलाज नसतो.

आपल्या गावात ज्या गोष्टीची सोयच नाही, नेमकी तिचीच हौस लागणारी काही माणसं असतात. त्यांना क्रिकेट चालत नाही, कारण ते सगळ्यांना येतं. भाऊंची सुरुवात तशी सरळमार्गी होती. ते शंकरपटातले, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतले. स्वतः कधी धुरकरी झाले नाहीत, जोडीही पाळली नाही, पण तळेगाव दशासरपासून इकडे रिसोडपर्यंत जिथे पट तिथे घड्याळाशेजारची खुर्ची भाऊंची. सेकंदाच्या शंभराव्या भागावरून ते आख्ख्या गावाशी भांडत. मग ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि भाऊ मोकळे झाले. मोकळ्या माणसाच्या हाती मोबाइल आला, आणि एका रात्री मोबाइलवर जपान आला.

जपानात बोटींच्या शर्यतीची २४ मैदानं आहेत. मैदानं म्हणजे पाण्याचीच, पण भाऊ मैदानच म्हणतात. १९५२ पासून हा खेळ चालतो. सहा बोटी, सहाशे मीटरचे तीन फेरे, आणि कुणाला कोणती मोटर ते चिठ्ठी टाकून ठरतं. पण भाऊंना गुंतवलं ते सुरुवातीनं. तिथे झेंडी पडत नाही. काठावर भलंमोठं घड्याळ असतं, बोटी आधीपासूनच पळत असतात आणि काटा शून्यावर आल्यानंतर एका सेकंदाच्या आत रेषा ओलांडायची. आधी ओलांडली तर बाद, उशीर झाला तरी बाद. भाऊंनी आयुष्यभर घड्याळ शर्यतीच्या शेवटी पाहिलेलं. ते सुरुवातीलाही असू शकतं, या शोधानं त्यांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्यांनी वहिनींना उठवून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "नय आला काय?"

तिथून भाऊ हौशी गटांकडे वळले. जपानात वापरून जुन्या झालेल्या यामाटो मोटरी अमेरिकेतले हौशी लोक विकत घेतात आणि आपल्या शर्यतीत पळवतात, हे कळल्यावर त्यांना ती माणसं नात्यातली वाटू लागली. सेकंडहँड मोटर घेणारा माणूस कुठलाही असो, तो भाऊंचा. आता गटांची नावं ते पटातल्या गटांसारखी धडाधड सांगतात. स्टॉक गट म्हणजे कंपनीनं दिली तशीच मोटर, तिला कानस लावायची नाही. मॉडिफाइड म्हणजे लावा काय लावायची ती. नऊ वर्षांपासूनच्या पोरांचा वेगळा गट. हायड्रोप्लेन नावाची बोट इतकी लहान की चालवणारा तिच्यात बसत नाही, गुडघे टेकतो. "म्हंजे देवापुढं टेकतो तसं," भाऊ दुकानात टेकून दाखवतात. आणि शर्यत संपली की जिंकणाऱ्याची मोटर तिथल्या तिथे खोलून मोजतात. हा नियम सांगताना भाऊंचा आवाज जड होतो. जिंकलेल्या माणसाचं सगळं खोलून बघायचं, हा त्यांच्या मते माणसानं काढलेला सर्वांत न्यायी नियम आहे.

मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटींची शर्यत झाली तेव्हा भाऊ गेले होते. अडीचशे अश्वशक्तीच्या आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या, मोटरी त्यांनी कठड्यावरून डोळे भरून पाहिल्या. रॅलीवाला गौरव गिल आणि मोटरसायकलवाला सी. एस. संतोष हेही त्या बोटींत बसले होते. "रस्त्यावरचे मानसं पान्यात चालते, तं वाशिमचा कायले नाही?" हा प्रश्न घेऊन ते परतले. सोबत गोणपाटात गुंडाळलेली आठ अश्वशक्तीची जुनी टू-स्ट्रोक मोटर होती, बंदराकडच्या एका भंगारवाल्याकडून घेतलेली. अकोल्याला उतरून वाशिमच्या एसटीत चढले तेव्हा वाहकानं विचारलं, कायचं इंजिन? बोटीचं, भाऊ म्हणाले. वाहकानं काही न बोलता सामानाचं तिकीट फाडलं. भाऊंना ते अजून आठवतं. पहिल्यांदाच कुणी त्यांना उलटा प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात पेपरात आलं की अमरावतीत फॉर्म्युला वन बोटींची ग्रां प्री आहे. विभागाचं ठिकाण, म्हणजे घरचंच कार्य. भाऊंनी दुकानाला कुलूप लावलं, जीप ठरवली आणि मित्रांना कोंबून पहाटे निघाले. वाटेत त्यांनी बोटींची माहिती दिली: अडीच लिटरची व्ही-सिक्स मोटर, ताशी दोनशेच्या वर वेग, वळणावर ब्रेक नाही. कारंज्याला चहा पिताना ते एकाएकी गप्प झाले. मग पेन मागितलं आणि पेपराच्या कोपऱ्यावर आकडेमोड सुरू केली. अमरावतीत पाणी म्हणजे वडाळी तलाव, नाही तर छत्री तलाव. या वेगाची बोट वडाळीत सोडली तर सुरू होता होताच पलीकडच्या काठावर चढेल. "ही अमरावती ते नोय," भाऊ सावकाश म्हणाले. शर्यत होती आंध्रातल्या अमरावतीची, विजयवाड्याला कृष्णेच्या पात्रात. मित्र जे बोलले ते छापण्यासारखं नाही. भाऊंना मात्र स्वतःच्या गणिताचा अभिमान वाटत होता. कारंज्याला आलोच आहोत तर म्हणून सगळ्यांनी गुरुमंदिरात दर्शन घेतलं. "अमरावतीच्या शर्यतीले निघालो होतो," असं भाऊ आजही सांगतात आणि त्यात एक अक्षर खोटं नाही.

बोटही आहे बरं का. प्लायवूडची, दहा फुटी, भाऊंनी स्वतः ठोकलेली. ती शेलूबाजारला मेव्हण्याच्या गोदामात असते आणि तिच्यात सोयाबीन असतं. मेव्हण्यानं पहिल्या वर्षी दोन पोती टेकवली होती, नंतर बोटच भरली. २०२४-२५ मध्ये क्विंटलला हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी, तेव्हा भाव चढेपर्यंत माल हलवायचा नाही हे मेव्हण्याचं धोरण. मेव्हण्याला सोयाबीन विकायला सांगणं हे नात्यात बसत नाही. त्यामुळे वाशिम जिल्ह्यातलं हौशी जलक्रीडेचं भवितव्य लातूरच्या बाजारावर आणि परदेशी खाद्यतेलाच्या आयातीवर अवलंबून आहे, हे भाऊ तुम्हाला आकृती काढून समजावतील.

तरी त्यांनी धरणावर परवानगीसाठी एका कार्यालयात अर्ज केला होता. प्रयोजन या रकान्यात लिहिलं, शर्यत. बाबूंनी चष्मा वर केला.

"बैलं कोठी हाय?"

"साहेब, याले बैलं नसते."

"मंग ओढते कोन?"

"मोटर ढकलते. मांगून."

बाबूंनी विचार केला. सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींना २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, हे त्यांना पाठ होतं. पण त्यात बैल नसलेल्या शर्यतीचा उल्लेख नव्हता. "बैलं असते तं एक वेळ पाह्यलं असतं," असं म्हणून त्यांनी अर्ज खालच्या खणात ठेवला. भाऊंना राग आला नाही. गटच चुकला, एवढंच ते म्हणाले.

घरात या हौसेची किंमत वहिनी मोजतात, आणि चोख मोजतात. आउटबोर्ड मोटरचा जनक मानला जाणारा ओले एव्हिनरूड होणाऱ्या बायकोसाठी बोटीतून आइसक्रीम आणत होता, वल्हवता वल्हवता ते वितळलं म्हणून त्यानं मोटर बनवली आणि १९०९ पासून विकायला लागला, अशी एक कथा सांगतात. भाऊंनी ती वहिनींना फार रंगवून ऐकवली. वहिनी भाकरी थापत म्हणाल्या, "होनाऱ्या बायकोसाठीच आनते मानूस."

आणि ती दोरी. शर्यतीत चालवणाऱ्याच्या अंगाला एक दोरी बांधलेली असते. माणूस बोटीतून उडाला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. भाऊंनी ही सोय आपल्या लुनाला करून घेतली आहे. चौकात कुणी भेटलं की ते हात जोडायला जातात आणि लुना बंद पडते. पडायलाच पायजे, ते समाधानानं म्हणतात. वहिनींचं मत असं की दोरी उत्तम आहे, फक्त ती बोलण्याला जोडता आली असती तर गावावर उपकार झाले असते.

पण माणसाला कमी लेखू नये. पावसाळ्याआधी शोध-बचाव पथकाची रंगीत तालीम असते, रबरी बोट पाण्यात उतरते आणि तिची मोटर, जिला पथकातली पोरं ओबीएम म्हणतात, वर्षभर पडून असल्यानं उठत नाही. एका वर्षी साहेब, पत्रकार आणि बुडण्याचं काम मिळालेला होमगार्ड असे सगळे खोळंबले असताना भाऊ गर्दीतून पुढे आले, प्लग काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत बसवला आणि दोरी ओढली. एका ओढीत चालू. तेव्हापासून त्यांना बोलावणं असतं. बोटीत मात्र बसू देत नाहीत. गणवेश लागतो.

त्या एका ओढीतून भाऊंचा स्वतःचा गट निघाला. आउटबोर्ड मोटर कोरडी चालवता येत नाही, आतलं पाणी फिरवणारं रबरी चाक जळतं. म्हणून मेकॅनिक ती पाण्याच्या ड्रमात बुडवून तपासतात. भाऊ म्हणाले, झालं तर मग. दोनशे लिटरचा ड्रम हीच आपली जागा. अंतर शून्य, बोट नाही, वळण नाही. कमीत कमी ओढींत इंजिन सुरू करील तो विजेता. ड्रम वहिनींचा असल्यामुळे शर्यतीचं वेळापत्रक नळाच्या वेळापत्रकावर ठरतं, आणि शर्यतीनंतर त्या पाण्यावर तेलाचा जो तवंग येतो त्याबद्दल इथे न बोललेलं बरं. पथकाची सोडली तर आउटबोर्ड जिल्ह्यात एकच, म्हणून दोरीनं सुरू होणारं कुठलंही इंजिन चालेल अशी सवलत दिली. फवारणी पंप आले, गवत कापायची यंत्रं आली, रॉकेलवर चालणारा एक म्हातारा पाणीपंप बैलगाडीतून आला. तंत्रनिकेतनातली एक मुलगी पॉवर वीडर घेऊन आली आणि तिनं दोघा मिशीवाल्यांना बाद केलं. "सहभाग वाढून रायला," भाऊ प्रत्येकाला सांगतात. या वाक्यावर मी एरवी हसलो असतो, पण गल्ली खरोखर भरलेली असते.

गेल्या खेपेला मंगरुळपीरकडचा एक शेतकरी फवारणी पंप पाठीवर घेऊनच उभा राहिला आणि पहिल्याच ओढीत जिंकला. टाळ्या झाल्या. भाऊंनी हात वर करून त्या थांबवल्या. नियमाप्रमाणे विजेत्याचं इंजिन खोलून मोजावं लागेल, ते म्हणाले, आणि पाना मागितला. शेतकरी दोन पावलं मागं सरला.

"खोला न भाऊ. पन चार एकर फवारनी बाकी हाय माही. उद्या सकायी तुमी यान काय फवाराले?"

भाऊंनी पाना खाली ठेवला. मग बराच विचार करून त्यांनी वहीत नवा गट आखला: फवारणी बाकी असलेले.