ड्यूक, कोंबड्या आणि निर्मळची जत्रा

जुन्या सोड्याच्या जाहिराती गोळा करणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. दुकानात शिरल्यावर चारचौघं बरण्यांकडे बघतात. हा आधी छपराकडे बघतो, मग दाराच्या मागे, मग गल्ल्याखाली घातलेल्या पत्र्याकडे. आमच्या एका मित्राला हे व्यसन आहे. कट्ट्यावर त्याला सोडाशास्त्री म्हणतात. त्याला मधुमेह असल्यामुळे घरात गोड पेयाचा थेंब चालत नाही, पण गोल्ड स्पॉटचे ओपनर, कंपनीचं नाव छापलेले ट्रे, चोवीस बाटल्यांचे लाकडी खोके आणि डबाभर बिल्ले एवढी दौलत आहे. बाटलीचा पत्र्याचा बिल्ला १८९२ साली अमेरिकेत विल्यम पेंटरने काढला. तेव्हा त्याला २४ दाते होते, आता २१ असतात. त्यामुळे शास्त्री लग्नाच्या पंगतीतही बिल्ले उचलून दाते मोजतो. त्याच्या बायकोचं म्हणणं असं, की घरातल्या माणसांकडे त्याने इतकं निरखून कधी पाहिलेलं नाही.

कार्तिक वद्य एकादशीला वसईजवळच्या निर्मळची जत्रा सुरू होते, तिथे जायचं त्याने ठरवलं. त्यामागचं तर्कशास्त्र असं: जत्रा म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे तहान, तहान म्हणजे सोडा, आणि सोडा म्हटला की कंपनीचा माणूस पाटी ठोकून गेलेला असणारच. ही जत्रा इतकी जुनी, की पाट्यांचे नुसते थर सापडतील. मला बरोबर घेतलं ते माझ्या खांद्यांकडे बघून.

विरार लोकलमध्ये विलेपार्ल्याला त्याने खिडकीतून नमस्कार केला. समोरच्या बाईंना वाटलं, एखादं देऊळ असेल. त्यांनीही हात जोडले. मग त्यांना पार्लेपुराण ऐकावं लागलं. पार्ल्याच्या नावाने बिस्किटंच नव्हे, गोल्ड स्पॉटही आला. १९७७ साली कोका-कोला देशातून बाहेर पडली आणि त्याच वर्षी पार्लेवाल्यांनी थम्स अप आणलं. जनता सरकारनेही आपला कोला काढला. नाव ‘डबल सेव्हन’, आणि बनवणारी कोण, तर पाव करणारी सरकारी मॉडर्न कंपनी! सरकार गेलं, पाठोपाठ कोलाही गेला. ‘डबल सेव्हन’ची एक पाटी मिळावी म्हणून शास्त्री बोरिवलीतला फ्लॅट विकायला तयार आहे. फ्लॅट बायकोच्या नावावर आहे म्हणून बरं. बाई भाईंदरला उतरल्या. त्यांना तिथेच उतरायचं होतं की नाही, ते कळायला मार्ग नाही.

नालासोपाऱ्याला पश्चिमेकडे उतरून बस धरली. वाटेत गास लागतं. सोड्याच्या शोधात निघालेल्या माणसाला हा शुभशकुन वाटला. रस्त्याकडेला केळीच्या बागा, विहिरी, क्रूस, तुळशीवृंदावनं आणि मधूनच उगवलेले टॉवर. निर्मळला तळ्याकाठच्या उंचवट्यावर शंकराचार्यांची समाधी आहे. लोक दर्शनाला चालले होते. शास्त्री मात्र देवळाकडे पाठ करून खेळणीवाल्यांच्या छपरांचं दर्शन घेत होता. छपरं सगळी निळ्या ताडपत्रीची.

जत्रेत सुकेळी होती. वसईची ही खरी कमाई. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची आणि केळीच्याच वाळक्या पानात बांधायची. मी दोन पुड्या घेतल्या. शास्त्रीने पानाची पुडी उलटसुलट करून पाहिली आणि “यावर काही छापलेलं नाही,” म्हणून परत दिली.

पुढे गोटीसोड्याची गाडी दिसली आणि त्याची चाल बदलली. गोटीची बाटली हायरम कॉड या इंग्रजाची. १८७२ चं पेटंट. बाटली उलटी धरून भरतात. आतला वायू गोटीला मानेतल्या रबरी कड्यावर रेटतो, की झालं बूच. अंगठ्याने गोटी आत ढकलली की ‘टॉक्’ करून ती मानेतल्या खाचेत जाऊन बसते आणि सोडा बाहेर येतो. जुन्या बाटल्या आज का मिळत नाहीत, तर त्या काळच्या पोरांनी गोट्यांसाठी त्या फोडल्या. माझ्या मते पोरांचा व्यवहार चोख होता. शास्त्रीने सोडेवाल्याला विचारलं, “भाऊ, बाटली किती जुनी?”

“साहेब, सोडा ताजा आहे.”

“सोडा नको. बाटली.”

“बाटली परत द्यायची असते.” सोडेवाल्याने सगळ्या बाटल्या आपल्या बाजूला ओढून घेतल्या.

दुपारपर्यंत एकच पाटी दिसली. तांबेरलेली, टवके उडालेली, भंगारवाल्याच्या हातगाडीवर. शास्त्रीने तिच्यावरून नख फिरवलं आणि नाक मुरडलं. खरी इनॅमलची पाटी म्हणजे लोखंडी पत्र्यावर भट्टीत वितळवून बसवलेली काच. प्रत्येक रंगाची भट्टी वेगळी, म्हणून रंगाच्या कडेला नख अडखळतं. ही सरळ छापलेली होती. मुंबईच्या चोरबाजारात नव्या पाट्या जुन्या करायला पठ्ठे काय काय खटपटी करतात! वसईकरांना तेवढीही गरज नाही. इथल्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा टांगला की दोन पावसाळ्यांत तो आपोआप आजोबा होतो.

अखेर एका वाडीत, घरामागच्या खुराड्याला, ती दिसली. अक्षरांपैकी शेवटचा ‘क्स’ तेवढा धड होता, पण शास्त्रीचे पाय लटपटले. ड्यूक्स! दिनशॉजी पांडोळे या पारशी गृहस्थाने १८८९ साली मुंबईत काढलेली कंपनी. क्रिकेटच्या ड्यूक चेंडूवरून नाव ठेवलं म्हणतात. रास्पबेरी आणि मँगोलावर पिढ्या पोसल्या आणि १९९४ साली ती पेप्सीला विकली गेली. एवढ्या घराण्याची पाटी इथे कोंबड्यांचं दार झाली होती.

संग्राहकांचा नियम असा, की हव्या त्या वस्तूकडे बघायचंच नाही. शास्त्री विहिरीकडे बघत म्हणाला, “आजी, विहीर छान आहे.”

लाल लुगड्यातल्या आजी पायरीवर वाल सोलत होत्या. “तुम्ही पत्रा बघताय ना?”

“पत्रा? कुठला पत्रा? अच्छा, हा होय! कितीला द्याल?”

“पत्र्याचे कसले पैसे? घेऊन जा. पण कोंबड्यांना दार करून द्या. रात्री मुंगूस येतं.”

शास्त्रीचा चेहरा पडला. बाजारात तो या पाटीसाठी आठ हजारांपर्यंत चढला असता, आणि मग ती कशी तीन हजारांत पाडून घेतली, ते पुढची दहा वर्षं सांगत सुटला असता. फुकट मिळालेल्या पाटीचं सांगणार काय? “आजी, तसं नको. निदान हजार तरी म्हणा.”

“हजार कशाला? तुमचं डोकं दुखतंय का? चहा ठेवू?”

“पाचशे?”

आजींनी घरातल्या सुनेला हाक मारली. पत्र्यासाठी पैसे देणारा माणूस सोडून, हातात सुकेळी असलेल्या माझ्याशी दोघी बोलू लागल्या. मी शहाणा दिसत असणार.

दार करणं भाग होतं. जत्रेत परत जाऊन आम्ही पत्र्याच्या ट्रंका विकणाऱ्याकडून एक ट्रंक घेतली, फक्त झाकणासाठी. पण बाकीची ट्रंक काही त्याने ठेवून घेतली नाही. बिजागऱ्या सुनेने दिल्या, हातोडी शेजाऱ्याने, आणि सल्ले अख्ख्या वाडीने. नव्या दारावर गुलाबाची फुलं होती. कोंबड्यांनी ती मान वाकडी करून पाहिली आणि आत जायला साफ नकार दिला. आजी म्हणाल्या, “होईल सवय. त्यालाही पहिले आठ दिवस भ्यायल्या होत्या.”

परतीच्या गाडीत जत्रेची गर्दी. एका हातात बिनझाकणाची ट्रंक, दुसऱ्या हातात सुकेळी, आणि आडवी धरलेली ती पाटी आम्हा दोघांच्या मांड्यांवर. समोर देवदर्शन करून निघालेलं भजनी मंडळ बसलं होतं. टाळ होते, पण पखवाज कुणी आणला नव्हता. बुवांची नजर पाटीवर गेली. विचारणं वगैरे काही नाही, अभंगाच्या दुसऱ्या चरणाला त्यांनी तिच्यावर थाप मारली. इनॅमलचा एक टवका उडाला.

“अहो, अँटिक आहे ती!” शास्त्री ओरडला.

“आवाजावरूनच कळलं,” बुवा म्हणाले आणि लय वाढवली.

प्रत्येक समेला शास्त्री डोळे मिटून घेत होता. “गेले दोनशे... आणखी दोनशे...” नायगावपर्यंत पाटीची किंमत त्याच्या हिशेबाने निम्म्यावर आली. मीरा रोडला ती मी ट्रंकेसाठी मोजलेल्या पैशांएवढी उरली. दहिसरला बुवांनी ती उचलून पालथी घातली, कोऱ्या बाजूवर बोटं वाजवून पाहिली आणि म्हणाले, “शेठ, या बाजूने जास्त चांगली बोलते. इथे उगीच लिहून ठेवलंय कुणीतरी.”