मिठाचा प्रकल्प

आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात स्वातंत्र्यलढा तक्त्यावर मिळतो. वरच्या रांगेत टिळक, खालच्या रांगेत भगतसिंग आणि मध्ये कुठेतरी काठी घेऊन झपाझप निघालेले गांधीजी. कापायचं, चिकटवायचं, खाली स्केचपेनने 'दांडीयात्रा, १९३०' असं लिहायचं, की प्रकल्प पुरा. हे सगळं आई रात्री साडेदहाला करते आणि मूल सकाळी नेऊन देतं. त्यामुळे सविनय कायदेभंगाच्या चळवळीवर आज परीक्षा घेतली, तर पहिले सगळे नंबर आयांचे येतील अशी माझी खात्री आहे.

मी निवृत्त शिक्षिका. रविवारी सकाळी सोसायटीतली मुलं माझ्याकडे वाचायला येतात. वाचतात थोडं, विचारतात फार. मिठाचा सत्याग्रह त्यांच्यापुढे मांडायला बसलं की पहिली अडचण गांधीजींची नसते, कराची असते. कर हा शब्द आजच्या मुलांना चांगला ठाऊक आहे, तो पिझ्झ्याच्या बिलावर तळाशी असतो. "मग मिठावर किती जीएसटी?" एकीने विचारलं. शून्य, मी म्हणाले. "मग भांडण कशाचं?"

भांडण कशाचं हे सांगायला इतिहासाचा तास पुरत नाही, गणिताचा घ्यावा लागतो. १९३० साली मिठाच्या मणाला कर होता सव्वा रुपया. मण म्हणजे चाळीस शेर, रुपया म्हणजे सोळा आणे, आणा म्हणजे चार पैसे. मुलं भागाकारात घामाघूम झाली आणि अखेर उत्तर निघालं, शेराला दोन पैसे. वर्गात निराशा पसरली. दोन पैशांसाठी माणूस सुमारे ३८५ किलोमीटर चालतो? आमच्याकडे दोन मजले चढायला लिफ्ट लागते.

मग मी दुसरं गणित घातलं. गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहिलं, त्यातलंच. व्हाइसरॉयचा पगार महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० रुपये. हिंदी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. साहेब किती पट कमावतो? पाच हजारांहून जास्त. आणि शेरभर मिठावरचा कर हा त्या दोन आण्यांचा पाव हिस्सा. पाव दिवस राबायचं ते नुसतं मिठावरचा कर भरण्यासाठी, मिठाची किंमत वेगळीच. आता दोन पैसे कुणाला लहान वाटेनात. अपूर्णांक शिकवताना मी वर्षानुवर्षं भाकरीचे तुकडे केले. त्यापेक्षा आयर्विनसाहेबाचा पगार केव्हाही सरस.

गोष्टींच्या पुस्तकांत हा सत्याग्रह बहुतेक वेळा दांडीपासून सुरू होतो, आणि मुलांना सर्वांत आवडेल तो भाग त्याच्या कितीतरी आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मिठाची चोरटी ने-आण थांबवायला देशाच्या अंगावर आडवं काटेरी कुंपण घातलं होतं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा झाडांचं, शेकडो मैल पसरलेलं. कराच्या त्या सरहद्दीवर एके काळी सुमारे १२,००० माणसं पहाऱ्याला होती. मिठासाठी! हे सांगितल्यावर मुलं माझ्याकडे मी थापा मारत असल्यासारखी बघतात. त्यावर कडी म्हणजे या कुंपणाची काही वर्षं मन लावून निगा राखणारा वरिष्ठ अधिकारी होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्याने पुढे १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेतला. "म्हणजे साहेब नंतर सुधारला," चौथीतल्या एका मुलाने निकाल दिला. इतिहासाचं इतकं सुटसुटीत आकलन मला डी.एड.लाही कुणी करून दिलं नव्हतं. १८७९ मध्ये ती सरहद्द उठली आणि कुंपणही गेलं. कर मात्र राहिला.

आता कृती. 'मीठ तयार करणे' हा उपक्रम शाळांचा लाडका आहे, कारण तो एकाच दिवशी विज्ञानातही बसतो आणि इतिहासातही. अडचण एवढीच, की समुद्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मग काय करतात? दुकानातून मिठाची पिशवी आणतात, पाण्यात विरघळवतात आणि तेच पाणी गॅसवर आटवून तेच मीठ परत मिळवतात, जरा कमीच. सिलिंडरचा भाव धरला तर हे जगातलं सर्वांत महाग मीठ असावं. अशा शाळांना मी दहीहंड्याची गोष्ट सांगते. अकोला जिल्ह्यातलं हे गाव समुद्रापासून कोसच्या कोस लांब. पण तो खारपाणपट्टा, तिथल्या विहिरींचं पाणी खारं. १९३० साली सत्याग्रहींनी त्याच पाण्याचं मीठ काढलं. जिथे तेही नव्हतं तिथे लोकांनी जंगलाचा कायदा मोडला. लोकनायक अणे यांनी पुसदला गवत कापलं. म्हणजे समुद्र नाही म्हणून कुणी घरी बसलं नाही, आणि दुकानातून पिशवीही आणली नाही.

कोकणातल्या मुलांचं बरं आहे. शिरोड्याला मे १९३० मध्ये ठिकठिकाणचे सत्याग्रही मिठागरांवर उतरले, तेव्हा त्याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकर शिकवत होते. वडाळ्याची मिठागरं तर मुंबईच्या पोटातच.

आमच्या मुलांनी आटवलेलं मीठ पुड्या बांधून सोसायटीत विकायचं ठरवलं. मला सांगावं लागलं, की बाबांनो, आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी म्हणून विकायला आजही बंदी आहे. वर्गात एकदम उत्साह संचारला. "म्हणजे आपणपण कायदा मोडू शकतो?" हा कायदा गलगंडापासून वाचवण्यासाठी आहे, तुमच्याच गळ्याच्या भल्याचा, हे समजावता समजावता माझाच गळा बसला. पण त्या निमित्ताने एक कामाचा प्रश्न निघाला. मोडायचा कायदा कोणता आणि पाळायचा कोणता, हे ठरवायचं कसं? स्वाध्यायात हा प्रश्न येत नाही. येऊ नये हेच बरं, नाहीतर त्याचंही उत्तर गाईडमध्ये छापलं जाईल.

नाटुकलं बसवायला घेतलं आणि आणखी एक शोध लागला. गांधीजी व्हायला कुणी तयार नसतं, कारण उघडं बसावं लागतं. सगळ्यांना पोलीस व्हायचं असतं. प्रसंग धारासण्याच्या मिठागरावरचा होता. ५ मेच्या पहाटेआधीच गांधीजींना अटक झालेली. त्यांच्या जागी उभे राहिले अब्बास तय्यबजी, वय ७६, बडोद्याचे निवृत्त न्यायाधीश. तेही पकडले गेले. मग आल्या सरोजिनी नायडू. २१ मे १९३० ला मिठागराकडे रांगेने निघालेल्या सत्याग्रहींवर लाठ्या बरसल्या आणि वार चुकवायलाही कुणी हात वर केला नाही, हे वेब मिलर या अमेरिकी वार्ताहराने जगाला कळवलं. आमच्या लाठ्या वर्तमानपत्राच्या सुरळ्यांच्या. तरी प्रत्येक तालमीला सत्याग्रहींचे हात डोक्यावर जात. मी ओरडले, तर एक जण कळवळून म्हणाला, "आजी, मी नाही करत, हात आपोआप येतो."

त्या दिवशी तालीम तिथेच थांबवली. जो हात आपोआप येतो तो त्यांनी येऊ दिला नाही, एवढं एक वाक्य मी सांगितलं आणि वर्तमानपत्रं रद्दीत टाकली. तक्त्यावरच्या चित्रात हे कसं काढणार?

शेवटचा प्रश्न पत्राचा. "गांधीजींनी आधी पत्र कशाला पाठवलं? गुपचूप मीठ उचललं असतं तर पकडलंच नसतं." प्रश्न रास्त होता. गुपचूप मीठ नेणारे होतेच की, त्यांच्यासाठीच तर ते कुंपण घातलं होतं. त्यांच्यावर धडा नाही. धडा आहे तो 'प्रिय मित्र' अशी सुरुवात करून, मी तुमचा कायदा मोडणार आहे असं सरकारला कळवणाऱ्या माणसावर. पत्र पोचवायलाही त्याने एक तरुण इंग्रजच निवडला, रेजिनल्ड रेनॉल्ड्स. सगळं उघड, आणि शिक्षेची तयारी आधीपासून. मला वाटतं, मुलांना द्यायचं ते एवढंच. मीठ दुकानात मिळतं.

शिकवलेलं इतकं लवकर अंगी लागेल असं मात्र वाटलं नव्हतं. परवा तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आईला लिहिलेलं पत्र दाखवायला घेऊन आली. प्रिय आई, दुधी भोपळ्याची भाजी अन्यायकारक आहे, सोमवारपासून मी ती खाणार नाही, कळावे. अक्षर छान, शुद्धलेखन चोख. मी पत्र परत दिलं आणि म्हटलं, एक ओळ राहिली आहे, 'जी शिक्षा होईल ती मला मान्य आहे.'

तिने बराच वेळ विचार केला. मग विचारलं, "आजी, गांधीजींना तुरुंगात मोबाइल होता का?"

सोमवारी तिने भाजी खाल्ली, असं तिची आई सांगते. पत्र मात्र तिने फाडलेलं नाही, दप्तरात जपून ठेवलं आहे. शेवटची ओळ अजून लिहायची आहे.