आमच्या लेआउटमधली लेव्हल

माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्याला चहाच्या आधी स्पिरिट लेव्हल दाखवली जाते. बुडबुडा दोन रेघांच्या बरोब्बर मधोमध उभा आहे, हे त्याने मान्य केल्याशिवाय मी रेकॉर्ड लावत नाही. पाहुणा बिचारा मान हलवतो. त्याला मुलीच्या लग्नाची पत्रिका देऊन पुढे दारव्ह्याला जायचं असतं. पण यवतमाळात राहून थोरेन्सचा टीडी 160 रेकॉर्ड प्लेअर बाळगणारा माणूस किती बारकाईने जगतो, हे कळल्याशिवाय त्याला सोडतो होय!

कंपनी मूळ स्वित्झर्लंडची, मॉडेल 1972 सालचं, बनावट जर्मनीतल्या लाहरची आणि खरेदी मुंबईच्या चोरबाजारातली. मधले मालक किती, ते विचारू नये. याची मोटर वरच्या पत्र्याला लटकते; पण रेकॉर्डचं ताट आणि पिनची दांडी, म्हणजे टोनआर्म, ही दोघं एका वेगळ्या चौकटीवर असतात आणि ती चौकट तीन स्प्रिंगांवर तरंगते. एडगर विल्चर या अमेरिकन माणसाने 1961 साली ही युक्ती लोकप्रिय केली. मोटरची थरथर नि घरातली धावपळ पिनेपर्यंत पोचू नये, एवढाच हेतू. विल्चरसाहेबांचा हेतू शुद्ध होता. भोगतोय मी.

स्प्रिंगा बरोबर लागल्या की नाही याची परीक्षा सोपी आहे. ताटाच्या मध्याजवळ बोटाने हलकेच दाबून सोडायचं. चौकट सरळ वर-खाली व्हायला हवी, संथपणे, बराच वेळ. जरा जरी कडेला डोलली, तर तिघींपैकी एक स्प्रिंग खोटं बोलते आहे. कोणती, ते शोधायला तळाची पाटी काढायची, प्लेअर दोन स्टुलांवर पेलून ठेवायचा आणि ट्रकखाली शिरणाऱ्या मेकॅनिकसारखं आपण खाली उताणं पडायचं. हातात पाना, दातांत टॉर्च. एक नट पाव फेरा फिरवला की उरलेल्या दोघींचं बिनसतं. दांडीच्या बाजूला वजन जास्त, म्हणून तिकडची स्प्रिंग जास्त आवळा. तर दांडीतून निघालेली केसाएवढी वायर जरा ताठ राहते आणि सगळी चौकट आपल्याकडे ओढून घेते.

“अहो, बाहेर या. दूधवाला नुसते पाय बघून घाबरून गेला,” असं आमच्या घरी सकाळच्या प्रहरी ऐकू येतं.

गंमत अशी की मोटरची थरथर सोडली तर या स्प्रिंगांचा मला काडीचा उपयोग नाही. त्या युरोप-अमेरिकेतल्या लाकडी जमिनीसाठी. तिथे कोणी खोलीतून चाललं की फळ्या दबतात आणि पिन उडी मारते. माझ्याकडे फरशी. तिच्यावर आमच्या व्याह्यांनी पावली घातली तरी पिन ढळणार नाही. आमची जमीन कोणाच्या चालण्याने हलत नाही. ती स्वतःच्या मर्जीने हलते.

इथे मला काळ्या मातीबद्दल बोलू द्यावं. प्लेअर कुठे जात नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा बेसाल्ट झाला, तो झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते आपल्या थरांमध्ये पाणी ओढून घेतं आणि फुगतं. पाणी गेलं की आकसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढी भेग पडते, आषाढात तीच भेग गायब. ओल धरून ठेवण्याच्या याच गुणामुळे कोरडवाहू कापूस उभा राहतो. कापूस होता म्हणून जिनिंग-प्रेसिंग आलं आणि गाठी वाहायला यवतमाळ ते मूर्तिजापूर शकुंतला नावाची आगगाडी धावली, अडीच फुटी रुळांवरून. डोलण्यात ती माझ्या प्लेअरच्या वरताण होती. तिला कोणी स्पिरिट लेव्हल लावली नाही आणि ती बापडी तशीच मजेत गेली. पुढे गावाबाहेरच्या कापसाच्या वावरांचे एनए होऊन लेआउट पडले आणि त्यातल्या एका प्लॉटवर मी घर बांधलं. गवंड्याने तेव्हाच सांगितलं होतं, “मुरूम लागेपर्यंत खोदू द्या सर, काळ्या मातीले भरोसा नाई. भिंत फाटली त मले नका बोलू.” पायव्याचं त्याचं ऐकलं. पण बैठकीची फरशी? तिच्याखाली अजून कापसाचं वावरच आहे. पावसाळा लागला की ते वावर श्वास घेतं आणि माझा बुडबुडा पूर्वेला सरकतो. होळीनंतर तो पश्चिमेला येतो. पंचांगाची गरज उरलेली नाही.

असो. दांडीकडे येतो. मागचं वजन पुढेमागे फिरवून आधी दांडी अधांतरी तरंगवायची, ना वर ना खाली. मग काट्यावर शून्य लावून तिथून पिनवर दोन ग्रॅम भार द्यायचा, म्हणजे आजीच्या मापात जवळजवळ दोन मासे. मी सराफाकडे असतो तसा इवला डिजिटल काटा मागवला आहे आणि दशांश ग्रॅमवरून स्वतःशीच भांडतो. कानाच्या डॉक्टरांनी मध्यंतरी ऑडिओग्राम काढला. साठीनंतर बहुतेकांचं होतं तेच माझं झालंय. दहा-बारा हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येणं संपलं. त्यांनी आलेख दाखवून हळुवारपणे समजावलं. मी घरी येऊन भार 0.1 ग्रॅमने वाढवला.

वडिलांचं असं काही नव्हतं. त्यांचा एचएमव्हीचा फिएस्टा. पिन उडायला लागली की दांडीच्या डोक्यावर चवन्नी ठेवायचे. अडीच ग्रॅम. तरी उडाली तर दुसरी चवन्नी. रेकॉर्डची वाट लागत असे, पण गाणं शेवटपर्यंत जात असे. हा प्लेअर त्यांनी 1973च्या सुमारास घेतला. त्या वर्षी यवतमाळला साहित्य संमेलन भरलं होतं, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते आणि महाराष्ट्रात दुष्काळ होता. “औंदा प्लेअर?” असं सगळ्या भाऊबंदांनी तोंडावर विचारलं. वडील म्हणाले, “औंदाच पाहिजे.” आणि चवन्नी ठेवली.

भाऊबंदांचा तो प्रश्न आठवण्याचं कारण वेगळं आहे. मागे पुण्यात एका हौशी मंडळींच्या बैठकीत मी टोनआर्मच्या कोनाबद्दल पोटतिडकीने बोलत होतो. एका गृहस्थांनी गाव विचारलं. सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम पडला, आवाज खाली आला आणि ते म्हणाले, “अरेरे, तिकडे परिस्थिती फार वाईट ना?” कोन राहिला बाजूला. आता परिस्थिती मला माहीत नाही असं थोडंच आहे? 2019च्या आमच्या संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. असं उद्घाटन दुसऱ्या कुठल्या गावाच्या वाट्याला आलं असेल तर सांगा. पण म्हणून यवतमाळच्या माणसाने कायम सुतकातच बसायचं का? पुणेकराने दशांश ग्रॅमवर वाद घातला तर तो रसिक, आणि आम्ही घातला तर आम्हाला परिस्थितीची जाणीव नाही! मला त्या गृहस्थांचा राग आला, तो अजून उतरलेला नाही. त्यांच्याकडे म्हणे डायरेक्ट ड्राइव्ह प्लेअर आहे, बिनस्प्रिंगचा. त्यांना आयुष्यात कधी उताणं पडावं लागलं नसेल.

तेव्हा वणी, पुसद, उमरखेड, घाटंजी, जिथे कुठे माळ्यावर जुन्या रेकॉर्ड पडल्या असतील, त्या भंगारात घालू नका. आडव्या रचू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या वाकतात. उभ्या ठेवा, पत्र्याखाली ठेवू नका आणि धूळ पदराने पुसू नका. जुन्या चवन्न्या सापडल्या तर त्याही जपा. 30 जून 2011 नंतर त्या बाजारात चालत नाहीत, प्लेअरवर चालतात. ऐकायला माझ्याकडे जरूर या. फक्त दिवाळी होऊन जमीन वाळल्यावर या. जून ते सप्टेंबर मी कोणाला बोलावत नाही.