थंडीचे चौकीदार

गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्यात धान खळ्यावर आलं की थंडी येते, आणि थंडीच्या दोन दिवस आधी मोठेबाबा अंगणातून घरात येतात. कानावर मफलर, खांद्यावर घोंगडं, नजर थेट दाराच्या फटीवर. यंदा घरात दीड महिन्याचा नातू आहे, म्हणजे चौकीदारीला खरं कारण मिळालं.

"दार लावा न बापा! पोराले डबा होईन!"

सुना दार लावतात. खिडकीच्या फटीत जुनं धोतर कोंबलं जातं. खाटेखाली शेगडी सरकते. वाऱ्याचा पुरता बंदोबस्त झाला की मोठेबाबा समाधानानं बीडी पेटवतात. गोंदिया जिल्हा बीडीचा. तेव्हा हे व्यसन नसून स्थानिक उद्योगाला हातभार आहे, असं त्यांचं म्हणणं. मग ते तळहातावर दणदणीत खोकतात, तो हात धोतराला पुसतात आणि त्याच हातानं नातवाचा गालगुच्चा घेतात. थंडीला आत शिरायला जागा उरलेली नसते. जंतूला मात्र आजोबा स्वतः कडेवर घेऊन पोचवतात.

त्यांचं सगळंच चुकतं असं नाही. तान्ह्याला ऊब हवीच. टोपी, मोजे, आईची कूस, यात मोठेबाबा बरोबर आहेत. पण न्यूमोनियाचे, म्हणजे मोठेबाबांच्या 'डब्या'चे, जंतू पसरतात ते खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून आणि न धुतलेल्या हातांतून. शेगडीचा न् बीडीचा धूर कोवळ्या फुप्फुसांना आधीच कमजोर करून ठेवतो. गावच्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आशाताईंनी, हे समजावलं तेव्हा मोठेबाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर हाय पोरी. आता दार लाव, वारा येऊन रायला."

आशाताई पक्क्या. त्यांनी मोठेबाबांना कामाला लावलं: पोर शांत असताना एक मिनिट त्याचं पोट बघून श्वास मोजायचे. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणींच्या हाती वाळूचं घड्याळ आणि मणी दिले होते; दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा. तिथल्या कामानं न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचं 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. सुईणींना जमलं ते आपल्याला न जमायला काय झालं, म्हणून मोठेबाबा बसले मोजायला. तिसाव्या श्वासाच्या आसपास त्यांनाच खोकल्याची उबळ आली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा उबळ. शेवटी मोजणीच्या इभ्रतीसाठी बीडी अंगणात गेली, तोंडावर गमछा आला आणि हाताला साबण लागला. आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या घोषणांना हे कधी जमलं नव्हतं.

शिवाय न्यूमोनियापासून बचाव करणारी न्यूमोकोकल लस महाराष्ट्रात 2021 पासून सरकारी लसीकरणात फुकट मिळते: सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, मग नवव्या महिन्यात. फुकट म्हटल्यावर मोठेबाबांनी विचारलं, "मंग मलेबी एक टोचून टाका न!"

तुमच्या घरीही असे एक मोठेबाबा असतीलच. त्यांना आकडे पाठ करायला द्या: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40. श्वास तेवढे किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा बाळानं दूध सोडलं, तर मोठेबाबांचं मत न विचारता थेट दवाखाना गाठा.