पिवळी वीज

मुरूमला होल्टेज कुणाला शिकवावं लागत नाही. उसाच्या गावात ते आपोआप येतं. पंखा मंदावला की शेंबडं पोरही सांगतं, 'डीपीवर लोड आलाय.' त्यामुळे पुतण्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी रास्पबेरी पाय ४ आणला आणि त्याच्या पडद्यावर विजेचं पिवळं चिन्ह चमकू लागलं, तेव्हा घरात तज्ज्ञांची वाण नव्हती. दादा म्हणाला, लाईट डीम आहे. वहिनीने कुणी न सांगताच मिक्सर बंद केला.

दोघांचाही डीपीवर राग होता, पण डीपी या वेळी निर्दोष होता. अडाप्टर शंभरापासून दोनशे चाळीस व्होल्टपर्यंत काहीही गोड मानून घेतो. तळहाताएवढ्या त्या संगणकाला हवे असतात फक्त ५ व्होल्ट, पण ३ अँपिअरच्या ताकदीने. ४.६३ च्या खाली घसरलं की तो पिवळी वीज दाखवतो आणि काम हळू करतो. निदान कळवून तरी करतो.

मोबाईलच्या दुकानात पुतण्याला फास्ट चार्जर दाखवला. "पासष्ट वॅट! डोळे झाकून घ्या." पण ते पासष्ट वॅट फोन आणि चार्जर यांची आपसांत बोलणी होऊन, व्होल्टेज चढवल्यावर मिळतात. पाय ४ ला बोलणी जमत नाहीत. पाच व्होल्टवर तोच चार्जर दोन-तीन अँपिअरवर येतो, हे मागच्या बाजूला, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत छापलेलं असतं.

शेवटी जळालेली मोटार न्यायला आलेले वाइंडिंगवाले मामा ओसरीवर टेकले. संगणकाकडे त्यांनी पाहिलंही नाही, केबल तेवढी चिमटीत धरली.

"काय करलालाव रे ह्या दोऱ्यानं? ह्यात तांबं हाय का नुसतं पलास्टिक? डीपीपासनं हिरीपोत्तर बारीक वायर वढली की होल्टेज वाटंतच खाती."

हिशेब मामांच्या बाजूने निघाला. असल्या बारीक केबलचा रोध मीटरमागे, जाऊन-येऊन, साधारण ०.४ ओहम. २ अँपिअर वाहिले की ०.८ व्होल्ट वाटेतच गडप. पाचाचे उरले ४.२. म्हणून तर पायच्या अधिकृत अडाप्टरवर ५.१ छापलेलं असतं: तो वरचा पॉइंट एक म्हणजे वाटखर्च. त्याची दीड मीटरची जाड केबल अडाप्टरलाच कायमची जोडलेली असते. गिऱ्हाईक घरातली दुसरी केबल लावणारच, हे बनवणाऱ्यांनी ओळखलेलं दिसतं. २०२३ साली आलेल्या पाय ५ चा अधिकृत अडाप्टर तर ५ अँपिअरचा. भूक वाढत चालली आहे.

होल्टेज उतरलं की विहिरीवरची मोटार जादा अँपिअर ओढते आणि जळून मामांच्या दुकानात जाते. त्या मानाने हा पाय फारच समंजस, असं मी म्हणालो. मामांना ते आवडलं नसावं. धंद्याचा प्रश्न.

जाड केबल आली, पिवळी वीज गेली. मामांनी पहिल्यांदाच त्या संगणकाकडे नीट पाहिलं.

"कितीची मोटार हाय ही? पाणी किती फुटावरनं उचलती?"

"उचलत नाही मामा," पुतण्या म्हणाला, "जमिनीत ओल किती आहे ते सांगतं."

"ते तर मी बी सांगतो की," मामा म्हणाले, "चहावर."